थिजलेला चहा आणि आजीची माळ

मे महिना, गोंदियातली दुपार आणि विषय थंडगार चहाचा. आजचा थ्रेड थोडा घरगुती आहे. इतिहास वाटेत भेटेल.

कृती अगदी सोपी. सुमारे ४०० मिलिलिटर कडक दुधाचा चहा वेलची घालून उकळायचा, गाळायचा आणि गरम असतानाच त्यात २०० ग्रॅम मार्शमॅलो विरघळवायचे. वाट्यांत ओतून चार तास फ्रिजमध्ये. वेगळी साखर लागत नाही. मार्शमॅलोच गोडवा देतो आणि चहाला थिजवतोही.

आजीने दोन चमचे खाल्ले आणि विचारले, "चहा थिजला कसा रे?"

उत्तरासाठी पाकीट उलटे केले. घटकांत जिलेटिन, कोपऱ्यात तपकिरी खूण. आजी माळकरी आहे. ती रागावली नाही. उठली, चूळ भरली आणि देवघरासमोर जाऊन बसली. दिवसभर जुने दस्तऐवज वाचणाऱ्या मला पाकिटावरच्या चार ओळी वाचायचे सुचले नव्हते.

मार्शमॅलो हे मुळात एका वनस्पतीचे नाव. दलदलीच्या काठी वाढणारी ही वनस्पती युनानी वैद्यकात खतमी म्हणून ओळखली जाते. भेंडी आणि जास्वंद तिच्याच कुळातल्या. भेंडी चिरताना हाताला लागतो तसला बुळबुळीत चीक तिच्या मुळांत असतो आणि तो घशाच्या औषधांत वापरत. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मिठाईवाल्यांनी तो साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर घोटून मऊ मिठाई केली. मुळे उकळण्याचा खटाटोप मोठा, म्हणून पुढे त्या जागी जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेले जिलेटिन आले. वनस्पती गेली, नाव तेवढे राहिले.

चहाही आपल्याला वाटतो तितका जुना पाहुणा नाही. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला. त्या पैशातून पुढे देशातही चहाचा प्रचार झाला आणि रेल्वे स्थानके हे त्या प्रचाराचे मोठे ठिकाण ठरले. जंक्शनच्या गावात वाढलेल्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

मग जिलेटिनविना चहा थिजवायचा कसा? किराणा दुकानात 'चायना ग्रास' मिळते, म्हणजेच अगर. नाव चीनचे, पण वस्तू गवतही नव्हे: ते समुद्रशैवालापासून बनते आणि त्याची ख्याती जपानची. सतराव्या शतकातल्या एका जपानी खानावळवाल्याने उरलेली शैवालाची जेली बाहेर टाकली, ती रात्री गोठली, दिवसा वाळली आणि तिच्यातून अगर सापडले, अशी आख्यायिका आहे. जपानीत त्याला 'कांतेन' म्हणतात. शब्दशः अर्थ थंड आकाश. मेमध्ये गोंदियात हा शब्द उच्चारणे म्हणजे थट्टाच!

पण अगरची खरी कसोटी उन्हाळ्यातच लागली. १८८१ च्या सुमारास वाल्टर हेसे हे जर्मन वैद्य रॉबर्ट कोख यांच्या हाताखाली हवेतल्या जंतूंचा अभ्यास करीत होते. जंतू वाढवण्यासाठी पसरलेले जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकघरातला उपाय सुचवला: अगर वापरा. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून त्यांना तो कळला होता. जिलेटिन साधारण ३५ अंशांच्या आतच पाघळते, अगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागते. १८८२ मध्ये कोख यांनी क्षयाच्या जंतूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला. फॅनीबाईंचे नाव मात्र त्यात नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात.

पुढच्या रविवारी मी पाच ग्रॅम चायना ग्रास भिजवून, उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवून, अर्धा लिटर गोड चहात मिसळले. दुपारी वीज गेली ती तीन तासांनी आली. फ्रिज कोमट झाला, वाट्यांतला चहा जागचा हलला नाही.

आजीने चमचा उचलण्याआधी पाकीट मागितले, चष्मा लावला आणि हिरवी खूण स्वतः पाहिली.