अठराच्या अलीकडचा कायदा

संध्याकाळी शिकवणीचे वर्ग सुटले, की नारायण पेठेतल्या अरुंद रस्त्यांवर दुचाकींची एकच गर्दी उसळते. पाठीला दप्तर, मागे मित्र किंवा मैत्रीण, आणि चालवणाऱ्यांपैकी काहींना अजून मिसरूडही फुटलेले नसते. 'इथल्या इथे तर जायचे आहे' हे कारण पेठेतल्या घराघरांत चालते. कायद्याच्या दरबारात मात्र ते चालत नाही, याची जाणीव पुण्याला १९ मे २०२४ च्या पहाटे झाली. कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यासह काही अटींवर त्याला जामीन दिला आणि देशभर संतापाची लाट उसळली.

त्या संतापात एक मूलभूत प्रश्न बाजूला राहिला. अठरा वर्षांखालील मुलाला कायदा नेमके काय देतो आणि त्याच्याकडून काय मागतो? मुलांना ते शाळेत फारसे शिकवले जात नाही आणि पालकांना ते कळते तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो.

वयाच्या पायऱ्या

भारतीय प्रौढत्व अधिनियम, १८७५ नुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर व्यक्ती सज्ञान होते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. परंतु जबाबदारी अठराव्या वाढदिवशी एकदम अंगावर येते, असे नाही. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता मुलाला आली नसेल तर त्याला संरक्षण मिळते. बारानंतर ही सवलत संपते. मात्र अठरापर्यंत त्याचे प्रकरण नेहमीच्या फौजदारी न्यायालयाऐवजी बाल न्याय मंडळापुढे जाते. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात व त्या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते.

आणखी एक पायरी सोळाव्या वर्षी आहे. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर झालेल्या बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची प्राथमिक तपासणी करते आणि खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. 'निर्घृण' म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. कमाल शिक्षा कितीही मोठी असली, पण किमान शिक्षा ठरवलेली नसली, तर तो गुन्हा या वर्गात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कल्याणीनगर प्रकरणातील मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

गाडीची किल्ली

वाहन परवान्याचे वय अठरा. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. आज घरोघरी दिसणाऱ्या ११० वा १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकालाच दोषी धरण्याची तरतूद केली. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकांवरच असतो. अल्पवयीनाच्या हाती मद्य, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यालाही बाल न्याय अधिनियमानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला मिळणारे संरक्षण त्याच्या हाती किल्ली देणाऱ्याला मिळत नाही.

चौकीतून फोन आला तर

मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतल्याचा फोन आला, की पालकांचे हातपाय गळतात. अशा वेळी काही गोष्टी ठाऊक असाव्यात. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे लागते, पालकांना कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. जामीन हा नियम आहे. सुटकेमुळे मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका निर्माण होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे वाटले तरच तो नाकारता येतो. तेव्हाही मुलाची रवानगी निरीक्षणगृहात होते. वयाचा वाद उद्भवल्यास शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आणि ते नसल्यास महापालिकेचा जन्मदाखला ग्राह्य धरतात. ही कागदपत्रे घरात चटकन सापडतील अशी ठेवावीत.

मुलाचे नाव, छायाचित्र वा शाळा प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे. गल्लीतल्या व्हॉट्सअॅप गटावर असे छायाचित्र पुढे पाठवणाराही या बंदीतून सुटत नाही.

संमतीचे वय

या प्रश्नाशी पुण्याचे जुने नाते आहे. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारे विधेयक आले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून त्याला विरोध केला, तर डॉ. रा. गो. भांडारकर यांनी धर्मशास्त्राच्या आधारे पाठिंबा दिला. टिळकांनी पुढे १९०५ मध्ये घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, याच पेठेत आहे. न्या. रानडे आणि भांडारकर यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सुरू झालेली मुलींची शाळा हुजूरपागाही इथलीच.

आज ही मर्यादा अठरा आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, 'पोक्सो' या नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात अठराखालील मुलामुलींच्या संमतीला अर्थ नाही. त्यामुळे परस्परांच्या इच्छेने जवळ आलेल्या सतरा वर्षांच्या मुलावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावेच लागेल. याच कायद्याने पीडित बालकाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यावा असे म्हटले आहे. अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग तो शिक्षक असो वा नातेवाईक.

काम, पैसा आणि मोबाइल

चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात मदत आणि बालकलाकारांचे काम हे अपवाद. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामे देता येत नाहीत, तसेच संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्यांना राबवता येत नाही. अल्पवयीनाने केलेला करार रद्दबातल असतो. शाळेत मारहाण किंवा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे. दुसरीकडे, वर्गमैत्रिणीचे आक्षेपार्ह छायाचित्र गमतीने पुढे पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गंभीर गुन्हा ठरते आणि 'मी फक्त फॉरवर्ड केले' हा बचाव तिथे टिकत नाही.

मदत कुठे मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक बालकाला, घरचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. संकटातील बालकांसाठी १०९८ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मुलाला स्वतःही त्यावर बोलता येते. तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ आहे. हे तीन क्रमांक मुलांना पाठ असावेत. आणि 'इथल्या इथे'च जायचे असले, तरी अठरा पूर्ण होईपर्यंत गाडीची किल्ली मोठ्यांच्याच खिशात राहावी.