सात रात्रींची कादंबरी



पुस्तक ऐकून संपविण्यास सात दिवस लागतात, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. परीक्षित राजाला मरणापूर्वी सात दिवसांची मुदत मिळाली आणि तेवढ्या मुदतीत शुकाने त्याला भागवत ऐकविले. म्हणून भागवताचा सप्ताह बसतो. गुरुचरित्राचे पारायणही सात दिवसांत पुरे करतात. परीक्षिताने ग्रंथ वाचला असे कोणी म्हणत नाही. त्याने तो ऐकला, आणि त्याला भागवत कळले याविषयी आजवर कोणी शंका घेतलेली नाही. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, अंथरुणावर पडून मोबाईलवर कादंबरी ऐकणाऱ्यांना हल्ली ‘हे काही खरे वाचन नव्हे’ असे बोल ऐकावे लागतात. ज्यांना तसे म्हणावयाचे असेल त्यांनी आधी परीक्षिताशी बोलून घ्यावे.

मात्र परीक्षिताची सोय असामान्य होती. शुकासारखा वक्ता सातही दिवस त्याच्यासमोर बसून होता. सामान्य श्रोत्याचे काय? आमच्या आजीची दृष्टी उतारवयात गेली. श्रीधराचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ तिला जवळजवळ पाठ. तरी दिवेलागणीनंतर कोणीतरी पोथी वाचून दाखवावी, एवढीच तिची मागणी असे. आम्ही मुले आळीपाळीने वाचीत असू, आणि खेळ हुकू नये म्हणून मधल्या ओव्या गाळीतही असू. तिच्या ते ध्यानात येई. ती काही बोलत नसे. का बोलत नसे, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी उमगले. ती रागावली असती, तर दुसऱ्या दिवशी वाचावयास कोणी बसले नसते. ऐकणारा हा वाचणाऱ्याच्या सवडीला बांधलेला असतो. आणि ते बंधन कसे सुटत गेले, हाच बोलक्या पुस्तकांचा इतिहास होय.

यंत्राच्या साह्याने ते सोडविता येईल, हे एडिसनला प्रथमपासून दिसत होते. 1877 साली त्याने फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी एका लेखात त्याच्या उपयोगांची यादी दिली. तीत पत्रे सांगून उतरविण्याच्या खालोखाल अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख आहे. गाण्याची पाळी त्यानंतर येते! पण कथिलाच्या पातळ पत्र्यावर एक-दोन मिनिटांचे बोलणे मावे. पुढे तबकड्या आल्या, तरी एका बाजूवर चार-पाच मिनिटांपलीकडे मजल जाईना. या मापाने एक कादंबरी म्हणजे पन्नास-साठ तबकड्यांची चळत झाली असती.

हे कोडे सुटावयास महायुद्ध घडावे लागले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले तरुण सैनिक इंग्लंडात परतले. ब्रेल लिपी बालपणी शिकलेल्यास सोपी. विशी-तिशीतल्या माणसाच्या, त्यातही कष्टाने राठ झालेल्या बोटांना तिचे ठिपके सहजी उमगत नाहीत. इयन फ्रेझर हा 1916 साली सोमच्या लढाईत अंध झालेला अधिकारी पुढे अंध सैनिकांच्या ‘सेंट डन्स्टन्स’ या संस्थेचा अध्यक्ष झाला. त्याने हा प्रश्न नेटाने लावून धरला. तबकडी मिनिटाला 78 ऐवजी 24 फेरे घेईल अशी योजना झाली, रेघा अधिक दाट कोरल्या गेल्या आणि एका बाजूवर सुमारे 25 मिनिटांचे वाचन मावू लागले. साधारण कादंबरीला दहा तबकड्या, म्हणजे आठ तासांहून थोडे अधिक. रोज रात्री तासाभरापेक्षा थोडे जास्त ऐकावे, की आठवड्यात कादंबरी पुरी! आपला सप्ताह तेथे असा आपोआप अवतरला.

1935 साली या तबकड्यांचे ग्रंथालय सुरू झाले. आरंभीच्या पुस्तकांत कॉनरॅडची ‘टायफून’ आणि अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या कथा होत्या. कथा सांगणाऱ्या आवाजावर किती विश्वास ठेवावा, असा प्रश्न पाडणारी ही दुसरी कादंबरी अंधांच्या कानी पडावी, यातली गंमत ती वाचलेल्यांना कळेल. न वाचलेल्यांसाठी आम्ही येथेच थांबतो. मुद्दा असा की, रात्री अकरा वाजता एखाद्या अंध गृहस्थास खुनाची गोष्ट ऐकावीशी वाटली, तर आता मुलीला उठवावे लागत नव्हते. आवडलेले प्रकरण तो पुन्हा लावू शके. कंटाळा आला तर कोणाचे मन न दुखविता सुई उचलू शके. वाचक मनातल्या मनात जे स्वातंत्र्य भोगतो, ते त्याला प्रथमच मिळाले.

अमेरिकेत हेच काम सरकारी पैशाने झाले. 1931 च्या कायद्याने अंधांच्या पुस्तकांसाठी वर्षाला एक लाख डॉलर मंजूर झाले होते. 1933 साली त्यातून तबकड्या काढण्याची मुभा मिळाली. पहिल्या संचात बायबलमधील स्तोत्रे होती, स्वातंत्र्याचा जाहीरनामा होता, आणि वुडहाउसचा जीव्ह्‌ज हा चतुर नोकरही होता. सरकारी यादीत जीव्ह्‌जला जागा देणारा अधिकारी कोण असेल तो असो, आमचा त्याला नमस्कार. ब्रेलच्या अभिमान्यांना मात्र ही नवी चैन रुचली नाही. कानाची सवय लागली की बोटे आळशी होतील, ही त्यांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. ऐकून शुद्धलेखन येत नाही.

एक अट मात्र होती. या तबकड्या अंधांनाच मिळाव्यात, बाजारात जाऊ नयेत, या बोलीवरच लेखक-प्रकाशक राजी झाले होते. डोळसांसाठी 1952 साली न्यूयॉर्कमध्ये दोन तरुणींनी ‘कॅडमन’ कंपनी काढून डिलन टॉमस या कवीचे वाचन विकावयास आणले, पण तेही जेमतेम तासाभराचे. मग कॅसेट आली, मोटारीत वाजू लागली. 2017 साली स्वीडनची ‘स्टोरीटेल’ भारतात आली, तिने मराठी पुस्तकेही आणली. अंधांसाठी सोसलेल्या खटपटीवर डोळसांची ही चैन उभी राहिली, हे सहसा कोणी आठवीत नाही.

उलट अंधांची अडचण बरीच वर्षे कायद्यात अडकून राहिली. मुंबईत 1952 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघटनेने बोलक्या पुस्तकांचे काम हाती घेतले. पण स्वामित्वहक्क असलेले पुस्तक अंधांसाठी वाचून मुद्रित करावयाचे तर परवानगीचा प्रश्न उभा राहीच. 2012 साली आपला कायदा दुरुस्त होऊन ही अट उठली. 2013 साली मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. 2014 साली त्यास अनुमती देणारे पहिले राष्ट्र भारत होते. वीस राष्ट्रांची अनुमती जमल्यावर 30 सप्टेंबर 2016 रोजी तो अमलात आला. अमेरिका 2019 साली सामील झाली. तेव्हापासून मुंबईत मुद्रित झालेली मराठी कादंबरी अधिकृत संस्थांमार्फत तिकडच्या अंध मराठी माणसाच्या उशाशी, नव्याने परवानगी न मागता, पोहोचू शकते.