माकडतापाचा जमाखर्च

कोविडमुळे पुण्याची एनआयव्ही घराघरात माहीत झाली. पण वैद्यकीय जगात या संस्थेचं नाव गाजलं ते त्याच्या किती तरी आधी, एका गोचिडीमुळे, बरं का!

मार्च १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. आजूबाजूच्या गावांत माणसंही तापाने फणफणलेली. एनआयव्ही तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होती, १९५२ साली रॉकफेलर फाऊंडेशन आणि आयसीएमआर यांनी मिळून काढलेली. माकडं मेली म्हटल्यावर तिथल्या मंडळींच्या पोटात गोळाच आला. कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वर येतो तेव्हा आधी जंगलातली माकडं मरतात. हा रोग भारतात कधीच आलेला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र इथे घरोघरी! लगेच टीम क्यासनूरला धावली.

पीतज्वर नव्हताच. विषाणू निघाला रशियातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराच्या कुळातला, पण अगदी नवा. माकडांवरच्या गोचिडी माणसाला चावतात आणि ताप येतो. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. नेमकं औषध आजही नाही.

माझ्या मते गोष्ट इथेच फिरली. पीतज्वर मुंबई-दिल्लीला पोचला असता. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. तो होतो सरपण आणणाऱ्याला, गुरं चारणाऱ्याला, काजूच्या बागेत राबणाऱ्याला. म्हणजे ज्याच्यासाठी तिजोरी पटकन उघडत नाही अशा माणसाला.

लस मात्र बनली. १९९० पासून कर्नाटक सरकारने ती गावोगाव टोचली. सुरुवातीच्या पाहणीत दोन डोस घेतलेल्यांत ती ९३.५ टक्के परिणामकारक ठरली होती. २००५ ते २०१० च्या आकड्यांत तेच प्रमाण ६२.४ वर आलं. आपल्याकडे जुन्या सिस्टीमचं होतं तसंच हे. नवीन काही बांधायला बजेट मिळतं, मेंटेनन्सला कोणी विचारत नाही. शेवटी २०२२ मध्ये ही लस बंदच झाली. नव्या लसीचं काम सुरू झालंय, पण मधल्या काळात जंगलात जाणाऱ्याने काय करायचं?

आणि रोग काही शिमोग्यात बसून राहिला नाही. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात तो आला. ऐन काजूच्या दिवसांत!

सध्या हाताशी आहे ते डेपा तेल. डीआरडीओने शोधलेलं. अंगाला चोळून जंगलात गेलं की काही तास गोचिडी दूर राहतात. कर्नाटकात ते फुकट वाटतात. साधा, स्वस्त उपाय. फक्त रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि सरकारी वर्ष संपतं बरोबर मधोमध, ३१ मार्चला. बाटल्या गावात पोचायला हव्यात डिसेंबरच्या आत. नव्या वर्षाच्या निधीतून मंजूर होऊन त्या मे अखेर आल्या, तर काजू कधीच उतरवून झालेले असतात.