डोंगर दारात, बिऱ्हाड दूर

भूगोलाच्या तासाला फळ्यावर हिमालयाची रेघ काढली, की मी एक प्रश्न हटकून विचारतो : एव्हरेस्ट चढायचे असेल, तर माणसाने बिऱ्हाड कुठे करावे? मुले एका आवाजात ओरडतात, "पायथ्याशी!" उत्तर सरळ आहे, पण इतिहासाने ते कितीतरी वर्षे खोटे पाडले.

पायथ्याशी शेर्पा मंडळी पिढ्यान् पिढ्या राहतच होती. नेपाळातील सोलुखुंबू हा त्यांचा मुलूख. याक राखावेत, बटाटे लावावेत, खिंड ओलांडून तिबेटशी मिठाचा व्यापार करावा. शिखर ही पुजण्याची वस्तू, चढण्याची नव्हे. चढण्याची हौस साहेबाची, आणि साहेबाला नेपाळची वेस बंद! मात्र १८३५ साली सिक्कीमकडून मिळवलेले दार्जिलिंग त्याच्या हाती होते, आणि १८८१ पासून तेथवर आगगाडीही जात होती. म्हणून १९२१, १९२२ आणि १९२४ च्या मोहिमा दार्जिलिंगहून निघाल्या व तिबेटातून लांबचा वळसा घेऊन डोंगराला उत्तरेकडून भिडल्या. शेर्पांची भरतीही दार्जिलिंगलाच. तेव्हा ज्याला एव्हरेस्टवर जायचे, त्याने आधी एव्हरेस्टकडे पाठ फिरवून कित्येक दिवस पूर्वेकडे चालत सुटायचे. आणि गंमत अशी, की दार्जिलिंगात डोळ्यांसमोर उभी असते ती कांचनगंगा. एव्हरेस्ट पाहायचे तर टायगर हिलवर जावे. हवा निवळली तर ते दूर, चिमुकले दिसते.

१९३२ च्या अखेरीस थामे गावचा एक अठरा वर्षांचा पोरगा असाच घरून पळून आला. त्याचे नाव तेनसिंग. डोंगर दूरच राहिला. आलुबारीत दुसऱ्याच्या गाई राखायच्या आणि दार्जिलिंगात दूध विकायचे, हे नशिबी आले. शहरातले लोक हसतात म्हणून त्याने आपले लांब केस कापून टाकले. १९३३ ची मोहीम आली, तेव्हा निवडणाऱ्यांना वाटले, हा काही शेर्पा नव्हे. शहरात शोभावे म्हणून केस कापले, आणि त्याच केसांपायी काम गेले! १९३५ साली एरिक शिप्टनने त्याला घेतले. पूर्वीच्या कामाचा दाखला जवळ नव्हता. होते ते हसू.

मुंबईच्या गिरणीसाठी कोकण सोडणाऱ्या चाकरमान्याची इथे कुणालाही आठवण होईल. मलाही झाली. पण शेर्प्याचे काम निराळेच होते. १९२२ साली एव्हरेस्टवर हिमप्रपातात सात हमाल गेले. १९३४ साली नंगा पर्बतावर सहा शेर्पा, आणि १९३७ साली त्याच पर्वतावर एका रात्रीत नऊ. डोंगराजवळ राहायला यायचे म्हणजे काय, हे दार्जिलिंगच्या शेर्पा वस्तीतल्या बायकांना पुरते ठाऊक होते. साहेबांच्या पुस्तकांत या बायकांसाठी फारशी जागा नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पुढे १९४९-५० च्या सुमारास नेपाळची वेस उघडली आणि सगळे चित्र उलटे झाले. आता वाट काठमांडूवरून, थेट खुंबूतून! १९५२ च्या स्विस मोहिमेबरोबर तेनसिंग नामचे बाजारला पोचला, तेव्हा थाम्याहून त्याची म्हातारी आई भेटायला आली. मायलेकांची गाठ अठरा वर्षांनी पडत होती. वडील तोवर निवर्तले होते. जो डोंगर गाठण्यासाठी घर सोडले, त्याची वाट अखेर घरावरूनच निघाली.

२९ मे १९५३ चा दिवस सर्वांना ठाऊक आहे; तो पुन्हा सांगत नाही. १९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि तेनसिंग तेथे शिकवू लागला. मोहिमांचा बाजार काठमांडूला गेला, १९६४ साली लुक्लाला विमानाची धावपट्टी झाली, पण त्याने दार्जिलिंग सोडले नाही. १९८६ साली तेथेच तो वारला, आणि त्याचे दहनही त्या संस्थेच्या आवारात झाले. दार्जिलिंगच्या घराला त्याने नाव दिले होते 'घांग ला'. एव्हरेस्टच्या मुलखात ज्या गोंपाच्या यात्रेला आई गेली असता त्याचा जन्म झाला, त्या गोंपाचे हे नाव. अर्थ, बर्फाची खिंड.