साचेकाम : प्राथमिक साहित्य

मूळ नमुन्यावरून साचा घेऊन त्यात दुसरा पदार्थ भरणे व प्रत काढणे. नवशिक्याने साहित्याच्या किमतीआधी नमुन्यातल्या खाचा पाहाव्यात. हनुवटीखाली किंवा सोंडेच्या वेढ्यात साचा अडकतो. साचा आणि प्रत दोन्ही कडक असतील, तर तिथे एक फोडल्याशिवाय दुसरे सुटत नाही.

प्लॅस्टर (पीओपी). हात बसवण्यासाठी याच्याइतके चांगले साहित्य नाही. जिप्सम सुमारे 150° से.ला भाजले की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी उडते. उरलेली भुकटी पाण्यात कालवल्यावर पुन्हा जिप्सम बनते, तापते आणि किंचित फुगते. त्यामुळे नमुन्यावरची नखाची रेघसुद्धा उठते. भुकटी पाण्यात भुरभुरावी, भुकटीवर पाणी ओतू नये. पाण्यावर कोरडी बेटे दिसू लागली की थांबावे, मिनिटभर मुरू द्यावे आणि पळी तळाशीच फिरवून ढवळावे, म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. आळू लागलेले प्लॅस्टर पाणी घालून सैल करू नये, ते ठिसूळ होते. उरलेले मोरीत ओतू नये. प्लॅस्टरवर प्लॅस्टर ओतताना मध्ये साबणाचे दोन-तीन हात हवेतच. हाताचा ठसा घेण्यासाठी हात त्यात कधीही बुडवू नये. इंग्लंडमध्ये 2007 साली एका शाळकरी मुलीला त्यामुळे बोटे गमवावी लागली.

पीओपी मूर्तींच्या विसर्जनाविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020ची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे व त्यानंतरचे न्यायालयीन आदेश पाहावेत.

शाडू. प्लॅस्टरच्या साच्यात दाबून भरतात. साचा पाणी शोषतो, माती आकसते आणि कडेने आपोआप सुटते. थर कमीजास्त जाडीचा झाल्यास सुकताना तडे जातात.

रबर. खोल खाचांसाठी. पेण (जि. रायगड) येथील गणपती कारखान्यांत रबरी साच्यात प्लॅस्टर ओतून त्याला आतून काथ्याची बळकटी देतात. लॅटेक्स स्वस्त, पण ब्रशने थरावर थर द्यावे लागतात, प्रत्येक थर सुकू द्यावा लागतो आणि बाहेरून प्लॅस्टरचे कवच लागते. सिलिकॉन महाग, मात्र एका ओतात साचा होतो. त्यातला प्लॅटिनमचा प्रकार गंधकयुक्त मॉडेलिंग क्लेवर जमतच नाही, चिकट राहतो. नमुन्याच्या मागच्या बाजूला आधी थेंबभर लावून पाहावा.

रेझिन. हातमोजे व हवेशीर जागा आवश्यक.

धातू. पाहा : मेणसाचा ओतकाम.