आईच्या पाटल्या कोणाच्या?

पहिली पत्नी निवर्तावी, वर्षभरांत दुसरी यावी आणि पहिलीच्या पाटल्या, ठुशी, नथ नव्या नवरीच्या अंगावर चढाव्या, हें दृश्य आपल्या घरांनीं पुष्कळ काळ पाहिलें. कोपऱ्यांतून तें पाहणाऱ्या मुलीला काय वाटत असेल तें सांगावयास नको. शास्त्राला काय वाटत होतें तें पाहूं.

चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं कल्याणीस विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' रचली. तिचा निर्णय असा कीं, आईचें स्त्रीधन मुलींचें. त्यांतही आधीं अविवाहित मुलीचें, मग विवाहितांपैकीं जी निर्धन असेल तिचें. अपत्य असतां पतीचा क्रमच लागत नाहीं. पत्नीच्या हयातींतही दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा कैद अशा प्रसंगीं घेतलेलें स्त्रीधनच त्यानें परत न केलें तरी चाले. दुसरें लग्न हा त्यांतला प्रसंग नव्हे! उलट, पहिली हयात असतां दुसरी करणाऱ्यानें पहिलीस द्रव्य द्यावें, अशी स्मृतीची आज्ञा. त्यास 'आधिवेदनिक' म्हणत.

अर्थात् किल्ल्या बापाच्या कमरेला, आणि दहा वर्षांची पोर न्यायासनापुढें जाणार कशी?

१९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगे, मुली व पती यांस सारखा वांटा दिला. मुलग्यांना मिळाला, हें मला न्याय्य वाटतें. पण त्याबरोबर अविवाहित मुलीचा अग्रहक्क गेला, आणि पुन्हां लग्नास उभ्या राहणाऱ्या बापाचा हिस्सा त्या पाटल्यांत आला. तो टाळावयाचा तर आईनें मृत्युपत्र करावें लागतें: दोन साक्षीदार, आणि दागिन्यादागिन्यापुढें मुलीचें नांव.