गटाचं इमान

निवडणूक लागली की गाव उभं दुभंगायचं, असं आजोबा सांगत. आमचा कंधार तालुका. निम्मं गाव बैलजोडीचं, म्हणजे काँग्रेसचं. निम्मं लाल बावट्याचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचं. आम्ही लाल बावट्याचे. का, म्हणून विचारलं तर जाहीरनाम्याचं नाव निघत नसे. "बांधाच्या भांडणात आपल्या बाजूनं कोण हुबं राहिलं? मंग मत कोणाला द्यावं?" एवढंच ते म्हणत.

लाल बावट्याचे केशवराव धोंडगे १९५७ मध्ये कंधारचे आमदार झाले आणि आणीबाणीनंतर १९७७ मध्ये नांदेडचे खासदार. मन्याड खोऱ्यात त्यांच्या शब्दावर माणसं भाकरी बांधून निघत. काँग्रेसच्या शंकरराव चव्हाणांना मानणारेही तितकेच पक्के. आमची आत्या अशाच काँग्रेसच्या घरात दिलेली. एका निवडणुकीत आजोबांनी तिला निरोप धाडला. तिचं उत्तर आलं, "अण्णा, ज्या घरची भाकर खाते, शिक्का तिथलाच." आजोबा रागावले नाहीत. लेक इमानाची निघाली, म्हणून कौतुकानं सांगत राहिले.

पण हे इमान दरवेळी आंधळं नव्हतं. लातूरकरांनी १९९५ मध्ये विलासराव देशमुखांना सुमारे ३५ हजार मतांनी घरी बसवलं आणि १९९९ मध्ये भरघोस मतांनी परत पाठवलं. सलग सात वेळा खासदार झालेले शिवराज पाटील चाकूरकर २००४ मध्ये हरले, ते भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांकडून. रूपाताईंचे सासरे काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. नांदेड त्यांच्या मागोमाग जाईल, असं वाटत होतं. पण लोकसभेला काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९ हजारांवर मतांनी जिंकले. त्यांच्या निधनानंतर २० नोव्हेंबरला पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी झाली. लोकसभेत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले. त्याच मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहाही जागा महायुतीला गेल्या. एकाच रांगेतल्या माणसांनी दोन यंत्रांवर वेगवेगळी बटणं दाबली.

गट वाईट नाही. सोसायटीचं कर्ज, कारखान्याची ऊसतोड, पोराचं कॉलेज, अडीनडीला आपल्याकडे गटच धावून येतो. मात्र मदत एका पिढीला झाली आणि मत तिसरी पिढी न विचारता देते, तिथं पुढारी निर्धास्त होतो. म्हणून गट सांभाळा, सोयरीक सांभाळा. पण दर पाच वर्षांनी विरोधकाच्या आधी आपल्याच पुढाऱ्याला हिशेब मागा. आणि तो देता आला नाही, तर बटण बदलायला कचरू नका.